बिनमातीचा सब्जा

एसटीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "पिशवीत काय आहे हो, एवढी मांडीवर धरून बसलात ती?" मी सांगते, झाडांचं खाणं. ती म्हणते, म्हणजे खत. मी म्हणते, खत नव्हे, खत मातीला घालतात, इथे मातीच नाही. मग झाड कुठे उभं राहतं? उभं राहत नाही, मुळं हवेत लोंबतात. इथवर आलं की ती बाई जरा खिडकीकडे सरकते आणि माझा थांबा येईपर्यंत बाहेर बघत राहते. तिचा काही दोष नाही. कुणी मला वीस वर्षांपूर्वी हे सांगितलं असतं तर मीही सरकले असते.

उमेदीची सगळी वर्षं मी हापूसची कलमं बांधली. रत्नागिरीच्या बाहेर एक रोपवाटिका होती, तिथे आम्ही आठदहा बायका रांगेत बसून कोयीच्या रोपावर काडी चढवायचो. चाकू, पट्टी आणि डोकं न हलवता बसायची सवय, एवढंच भांडवल. पुढे मालकाने जागा विकली, तिथे बंगले आले आणि आम्ही घरी आलो. तेवढ्यात गावातल्या एका दुकानदाराने, जो बागायतदारांना फवारणीचे पंप विकायचा, ही नवीन यंत्रं आणायला सुरुवात केली. घराच्या गॅलरीत उभं करायचा पांढरा खांब, त्यात पालेभाजी, पुदिना, हवं ते. विकली भराभर, पण महिन्याभरात लोकांचे फोन सुरू झाले. त्याला घरोघरी जाऊन झाडं सांभाळणारं माणूस हवं होतं. मला यंत्र कळत नव्हतं, पण मूळ कळत होतं. यंत्र त्याने शिकवलं.

तर त्या खांबाविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. खांब आतून पोकळ आणि काळोखा. अंगावर भोकं, प्रत्येक भोकात स्पंजाच्या तुकड्यात धरलेलं एकेक रोप. पानं बाहेर उजेडात, मुळं आत अंधारात. तळाशी पाण्याची टाकी आणि पंप. पंप पाणी वर ढकलतो आणि आतल्या बारीक बारीक नळ्यांच्या तोंडातून त्याचं धुकं होतं. ते तोंड सुईच्या टोकाएवढं, त्याला नॉझल म्हणतात. जरा वेळ धुकं, मग बराच वेळ काही नाही. लोकांना वाटतं, धुकं आलं की झाड जगतं. खरं तर धुकं थांबलेलं असतं तेव्हा मूळ श्वास घेत असतं, आणि या दोन्हींचं प्रमाण जमलं की मातीतल्यापेक्षा दुप्पट जोमाने वाढतं. पण जितका लाड तेवढाच धोका. मातीतलं झाड चार दिवस विसरलात तरी तुमची वाट बघतं. हे झाड उन्हाळ्यातली एक दुपारसुद्धा वाट बघत नाही.

खाणं त्या पाण्यातच असतं. माझ्या पिशवीत दोन बाटल्या असतात, त्या त्याच्याच. पहिली टाकीत घालायची, नीट ढवळायची, मग दुसरी. दोघी नुसत्या एकमेकींत ओतल्या तर लगेच फाटतात आणि खाली साका बसतो. जावाजावांसारख्या आहेत, घर ऐसपैस असलं तरच नांदतात. त्याशिवाय पिशवीत पाण्यातला खार मोजायचं पेनासारखं यंत्र, नॉझल टोकरायची तार आणि एक जुना दातांचा ब्रश. रत्नागिरीचं विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपून येतं, गोडं आणि हलकं, या कामाला सोन्यासारखं. मात्र खाडीच्या काठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, तेव्हा तेच पाणी मुळं जाळतं. मग गाळणीच्या यंत्राचं पाणी कॅनमधून न्यायचं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर हा अख्खा अंक पुरणार नाही. सावर्ड्याला एक निवृत्त साहेब होते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले. ते रोज सकाळी झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात मुळं बघत. मुळाला उजेड चालत नाही, आत शेवाळ धरतं. मी सांगितलं, तर म्हणाले, "अहो बाई, मी फक्त विचारपूस करतो." शेवटी त्यांच्या मिसेसनी झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली मसाल्याच्या डब्यात ठेवली. संगमेश्वरला एका घरी गणपतीत हाच खांब मखराशेजारी ठेवला आणि दिव्यांच्या माळेसाठी पंपाची पिन काढली. दीड दिवसाच्या गणपतीबरोबर खांबातला पालकही गेला. मी पोचले तेव्हा घरातली मंडळी त्या सुकलेल्या पालकाला पाणी शिंपडत होती, वरून, पानांवर, हाताने.

हेच मी सगळीकडे पाहिलं. आपल्याकडे माणसाला झाडाला पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही. यंत्र घालतंय, हे त्याला डोक्यात कळतं, हाताला कळत नाही. कोणी तांब्याभर पाणी उगाच ओततं, कोणी तांदळाचं धुवण, कोणी उरलेला चहा. म्हणून मी प्रत्येक टाकीवर एक पट्टी चिकटवायची, ठळक अक्षरात, 'टाकीला हात लावू नये'. पट्टी लावून झाली की मला माझं काम पुरं झाल्यासारखं वाटायचं.

ती पट्टी मी हलीमाखालाच्या घरीही लावली होती.

भाट्याचा पूल ओलांडला की खाडीच्या कडेने एक रस्ता जातो, त्यावर तिचं घर. खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तसंच म्हणतात. पुढे पडवी, मागे विहीर, विहिरीला लागून कढीपत्ता आणि दोन माड. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा इरफान मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला. खाला सत्तरीची, बारीक, ताठ, तोंडाने तिखट. एका वर्षी पावसाळा सरून उघडीप पडली तेव्हा विहिरीच्या कठड्यापाशी उरलेल्या शेवाळावरून पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. तिच्या झाडांना पाणी शेंदायला गेली होती. इरफान रजा काढून आला, तिला उभी करून गेला आणि पुढच्या रजेला येताना त्या खांबाचं खोकं घेऊन आला. तिकडे त्याच्या साहेबाच्या बंगल्यात त्याने असा खांब पाहिला होता. जोडायला मला बोलावलं.

आम्ही दोघं पडवीत खांब उभा करत होतो आणि खाला बाजल्यावर बसून आमच्याकडे बघत होती.

"ह्याला पाणी कोण घालणार?" तिने विचारलं.

"आपलं आपण घेतं, खाला."

"आनि खाणां?"

"ते पाण्यातच असतं. मी पंधरा दिवसांनी येऊन घालीन."

"मग मी काय करू?"

इरफान खाली बसून पंप लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तू बस गो अम्मी. जल्मभर पाणीच शेंदलंस. आता विहिरीवर जायचां नाय."

"पाणी घालायचां नाय, खाणां घालायचां नाय, तर तां झाड माझां कसां?"

तो हसला आणि मीही हसले. आता आठवलं की त्या हसण्याचं वाईट वाटतं.

पुदिना, पालक, माठ अशी रोपं मी नेली होती. इरफानने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात सब्ज्याचं बी होतं, वडलांच्या कबरीवर वाढलेल्या सब्ज्याचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सब्जा म्हणजे तुळशीच्याच गोतातलं, गोड वासाचं झुडूप. आमच्याकडच्या मुसलमान घरांत ते अंगणात असतंच. सरबतात बी पडतं, आणि डहाळ्या कबरीवर ठेवतात. हलीमाखालाच्या घरच्या बायका कबरस्तानात जात नसत. ती दर गुरुवारी संध्याकाळी सब्जा खुडून भिजल्या फडक्यात गुंडाळायची आणि घरातल्या कुणा पुरुषाच्या हाती द्यायची. नवऱ्याच्या कबरीपर्यंत तिचं एवढंच जात होतं. ती आजारी पडली तेव्हा अंगणातला तिचा सब्जा पाण्यावाचून गेला होता. म्हणून इरफानने ते बी खांबाच्या सगळ्यात वरच्या भोकात स्वतःच्या हाताने टाकलं.

पुढचे महिने मी पंधरवड्याला जात राहिले. मी तिथे असताना बरेचदा त्याचा फोन यायचा. खाला माझ्यासमोर धरायची. "काकी, सब्जा किती झाला? दाखवा ना." मी फोन फिरवून दाखवायची. मग हळूच विचारायचा, "बादली उचलत नाय ना?" मी नाही म्हणायची. खरोखरच ती उचलत नव्हती. पोराचा शब्द तिने पाळला होता. फक्त कधी पडवीत खुर्ची टाकून खांबाशेजारी बसलेली असायची आणि पंप सुरू झाला की म्हणायची, "आला बघ, त्याचां पाणी आलां."

आंबा उतरायच्या दिवसांत एकदा मी वेळापत्रकाप्रमाणे गेले तर दारात चपलांचा ढीग. बायका आत, पुरुष बाहेर, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शकील नावाचा खालाचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा, तोही मस्कतलाच असतो, त्याचा फोन पहाटे आला होता. इरफान झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. तिकडेच दफन करणार होते, कारण मयत लांबवायची नसते आणि कागदपत्रांना किती दिवस लागतील सांगता येत नव्हतं. मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. दुःखाच्या घरात, मी टाकी भरायला आले, असं कुणाला सांगणार? पण उन्हाळा होता, टाकी तळाला गेलेली दिसत होती, आणि वरच्या भोकातला सब्जा मला दिसत होता. मी कडेने पडवीत गेले, कॅनमधलं पाणी ओतलं, एक बाटली, ढवळलं, दुसरी बाटली, ढवळलं. पंप सुरू झाला तेव्हा आतल्या बायकांच्या घोळक्यातून खालाने मान उचलून बाहेर बघितलं. तिने मला पाहिलं. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले.

चाळीस दिवस झाल्यावर मी गेले ते यंत्र काढायचं का, हे विचारायला. अशी यंत्रं माणूस गेलं की बहुतेक घरांत माळ्यावर जातात. खाला खांबापाशीच बसली होती.

"शकील रजेवर येतोय," ती म्हणाली. "भादव्यात परत जाईल. त्याच्याबरोबर हा सब्जा धाडायचा. तिथे कोण ठेवतंय त्याच्यावर? तवर ह्याला जगव, बाय."

मी म्हटलं, जगवते. म्हणताना ते सोपं वाटलं.

तिच्या फोनमध्ये त्या कबरीचा फोटो होता. कोरड्या खडीची एक उंचवट्याची ओळ, उशाला दगड, आजूबाजूला हिरवं काही नाही. खालाने तो फोटो मला दाखवला आणि त्या मातीवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

त्यानंतर त्या झाडाची मी जितकी काळजी घेतली तितकी कुठल्याच झाडाची घेतली नव्हती, हे कबूल करते. सब्जा तसं वर्षाचं झाड. फुलोरा धरला, बी पिकलं, की त्याचं काम संपलं आणि ते वाळतं. त्याला फसवत ठेवायचं तर तुरा दिसला की खुडायचा. मी पंधरा दिवसांऐवजी आठवड्याला जाऊ लागले. पावसात वीज जायची, म्हणून पंपाला इन्व्हर्टर जोडून घेतला. आषाढात सारखं ढगाळ असतं, तेव्हा खाणं पातळ करायचं, नाहीतर झाड नुसतं उंच आणि लिबलिबीत होतं. सगळं केलं. श्रावणात शकील आला तेव्हा सब्जा हातभर पसरला होता आणि पडवीत पाऊल टाकताच वास यायचा. शकील ट्रक चालवतो, आडदांड माणूस. त्या वासाने तो उंबऱ्यातच थबकला.

"फुफी, तिकडे बाजारात पण भेटेल असला," तो म्हणाला. आत्याच्या मनावरचं ओझं कमी करायला म्हणाला असेल.

"बाजारातला नको," खाला म्हणाली. "त्याने लावलेला त्याच्यावर."

शकील निघायच्या आधीच्या आठवड्यात त्याचाच फोन आला. "काकी, लवकर या. मशिनीला वास मारतोय. सब्जा मरगळला."

मी मिळेल त्या रिक्षाने गेले. पुलावरच मनात हिशेब चालला होता, पंप जळला असेल, पिन निघाली असेल, उंदराने नळी कुरतडली असेल. पडवीत शिरले आणि वासावरूनच कळलं. टाकीचं झाकण उघडलं. पाण्यावर तेलकट साय आणि खवले. पंपाच्या जाळीवर चिकट थर. एकूण एक नॉझल बंद. वरचं झाकण काढून सब्ज्याची मुळं हातात घेतली. पांढरी शुभ्र असायची ती तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, धरली तशी हातात आली.

बांगडे धुतलेलं पाणी होतं ते.

आमच्या किनाऱ्यावर यात नवल काही नाही. घरात मासळी आली की धुतलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे उधळपट्टी. ते कढीपत्त्याला जातं, माडाला जातं, लिंबाला जातं, आणि झाडं त्यावर माजतात. माझी आई तेच करायची, मीही करते. मातीच्या पोटात ते मुरतं, पचतं. या खांबाला पोटच नाही.

खाला आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शकीलचा चेहरा तापलेला. तो म्हणाला, "फुफी, एवढी पट्टी लावलीय त्यावर. वाचायची तरी..."

"शकील," मी म्हटलं, "मला दोन बादल्या पाणी आण. मोरीतलं नको, पिण्याचं."

तो गेल्यावर खाला खुर्चीवर बसली.

"मासेमारीची बंदी उठली, पहिले बांगडे आले बाजारात," ती म्हणाली. "शकील जेवणार होता. इरफानला बांगडा किती आवडायचा, तुला ठाऊक हाय? लहानपणी ताटातला संपला की माझ्या ताटात हात घालायचा. मी धुतले नि मनात आलां, हा सब्जा त्याच्याकडे जायचा हाय. लांबचा परवास. निघायच्या आधी पोटभर खाऊन जाऊ दे. त्याच्या आवडीचां." मग तिने विचारलं, "माझ्यामुळे झालां ना?"

खोटं बोलता आलं असतं. पंपावर ढकलता आलं असतं, विजेवर ढकलता आलं असतं. पण ती माझ्या हातातल्या मुळांकडे बघत होती आणि ती शहाणी बाई होती.

"हो, खाला," मी म्हटलं. "त्याला ते पचलं नाही."

"पोराने लावलेला. मी खायला घालून मारला," ती म्हणाली. रडली नाही. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मी पाठ वळवून टाकी घासायला लागले.

झाड गेलं होतं, पण वरचे शेंडे अजून हिरवे होते. इथे मला यंत्राची विद्या नाही, रोपवाटिकेतली जुनी आठवली. मूळ मेलं तरी काडीत जीव असतो, कूज वर चढायच्या आधी चाकू पोचला पाहिजे. मी शेंड्याच्या काड्या कापल्या, पेराच्या जरा खाली, तिरक्या. खालची पानं काढली. फक्त वरची दोन-चार ठेवली. टाकी, नळ्या, जाळी सगळं औषधाच्या पाण्याने धुतलं, नवीन पंप बसवला, जुनी नॉझलं फेकून नवी लावली. आणि काड्या स्पंजात धरून पुन्हा त्याच खांबात लावल्या. खाणं नाही, नुसतं निवळ पाणी. कारण काडीला तोंडच नसतं, ते आधी फुटावं लागतं. या यंत्राची एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. धुक्यात काडीला मूळ फुटतं ते मातीपेक्षा लवकर. फुटलं तर.

त्या आठवड्यात मी बाकीच्या घरांना फोन करून सांगितलं की या खेपेला उशीर होईल, आणि रोज सकाळी पहिल्या बसने भाट्याला गेले. दोन काड्या लगेच काळ्या पडल्या. काही नुसत्याच माना टाकून राहिल्या. रोज मी झाकण उचलायची, सावर्ड्याच्या त्या साहेबांसारखीच, आणि रोज खाला विचारायची, "फुटलां?" मी नाही म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. एके सकाळी एका काडीच्या बुडाशी बारीक पांढरे ठिपके दिसले, तांदळाच्या कणीएवढे. मी तिचा हात धरून तिला खांबापाशी नेलं आणि दाखवलं. दिसलं की नाही कोण जाणे, तिची नजर अधू होती. पण तिने खांबाला हात लावला आणि तिथेच उभी राहिली.

तीन काड्या तगल्या. दोन शकीलबरोबर जायच्या, एक इथे राहायची, असं खालाने ठरवलं.

शकील निघाला त्या सकाळी पाऊस थांबलेला होता. त्याची गाडी दारात उभी. मी दोन्ही काड्या हलक्या हाताने सोडवल्या. बुडाला ओलं फडकं गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक, म्हणजे मुंबई आणि तिथून विमान एवढा प्रवास निभतो. खालाने तिच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा काढून ठेवला होता. मी तो भिजवायला माझी गाळलेल्या पाण्याची बाटली उघडली.

"थांब, बाय," ती म्हणाली.

ती आत गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. मोरीच्या कोपऱ्यात पडून राहिलेला पोहरा तिच्या हातात होता. शकील दचकून उठला, "फुफी, विहिरीवर नको, इरफानने..." मी त्याची बाही धरली.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं. "चल, आपण मागे उभे राहू."

भाद्रपदात आमच्याकडच्या विहिरी तुडुंब असतात, पाणी कठड्यापासून दोन हातांवर. जोर लावावा लागत नाही. तरी ती सावकाश गेली, पाय दाबून, एकेक दगड बघत. पोहरा सोडला, बुडाला तसा ओढला. कंबर वाकवताना तोंड आवळलेलं दिसलं. ओढणीचा तुकडा तिने स्वतः त्यात बुडवला, पिळला नाही, तसाच निथळता माझ्या हातात दिला. मी काड्यांच्या बुडाला गुंडाळला. तिच्या ओठांत काही चाललं होतं, त्यातलं मला कळणारं नव्हतं. मग तिने ती पुरचुंडी दोन्ही हातांनी शकीलच्या हातात दिली, दर गुरुवारी द्यायची तशी.

मला ठाऊक आहे की माझ्या धंद्यात असं काही लिहिलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही टाकीवर ती पट्टी लावत नाही. लोकांना सांगते, मी येईन तेव्हा माझ्यासमोर एक तांब्या तुम्ही ओता. कुठलं पाणी, किती, ते मी सांगते. हात तुमचा असू दे.

शकीलचा फोन आला तो दोनच दिवसांनी, शुक्रवारी दुपारी. मी तिथेच होते. तिसरी काडी मागे राहिली होती, तिला आता खाणं चालू करायचं होतं. खालाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तिने तो मोठ्या आवाजावर करून माझ्या हातात दिला.

"काकी, फुफीला कसं सांगू," शकील म्हणत होता. "मी गेलो होतो नमाजानंतर. रखवालदाराने आडवलं. इथे कबरीवर कायपण ठेवायचं नाय, पानफूल नाय, काय नाय. लय समजावलं मी. तो पण भला माणूस, त्याला तरी काय करता येणार. सब्जा नाय ठेवता आला."

खाला ऐकत होती. तिचा चेहरा जागचा हलला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग मी त्याला विचारलं, पाणी तरी टाकू का. तो बोलला, पाणी टाक. माझ्याकडे बाटली पण नव्हती. ती पुरचुंडी होती ना, फडकं अजून ओलं होतं. तेच सोडलं आणि उशाला पिळलं. थोडंसंच पडलं, काकी. लगेच मुरलं. काड्या खोलीवर आणून डब्यात लावल्यात, त्या हायेत."

मागे कढीपत्त्यावर पावसाचं पाणी टपटपत होतं. खालाने माझ्या हातावर हात ठेवला.

"बाय, तां पाणी आपल्याच विहिरीचां होतां ना?"

"हो, खाला. तुम्हीच शेंदलेलं."

"मग पोचलां," ती म्हणाली.

ओढणी डोक्यावर सारखी करून ती उठली, कोपऱ्यातला पोहरा घेतला आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेली. मी कॅनचं झाकण परत लावलं आणि टाकी उघडी ठेवून ती पाणी घेऊन येईपर्यंत बसून राहिले.